पेवाचा तळ

औरंगाबादेला लोक लेणी पाहायला जातात. मी लापशी घेऊन गेले. वेरूळपासून दोन-अडीच कोसांवर आठ दिवस राहून मी एकही लेणं पाहिलं नाही, हे पुण्यात ज्याला सांगावं तो माझी कीव करतो. कीव करायचीच तर तिची कारणं वेगळी आहेत. ती एकदा नीट सांगून टाकावीत म्हणून हे लिहायला बसले आहे.

मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं गृहशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि महिन्याच्या आत आमच्या आळीतल्या अप्पासाहेबांनी मला गाठलं. ते एका मदत मंडळाचे चिटणीस. बहात्तरच्या दुष्काळात या मंडळाने परदेशातल्या कुणा दानशूर संस्थेकडे मराठवाड्यासाठी धान्य मागितलं होतं. अर्ज गेला, अर्जावर प्रश्न आले, प्रश्नांना उत्तरं गेली, मग बोट निघाली आणि मुंबईच्या गोदीत रांगेत उभी राहिली. एवढं होईपर्यंत पुढचा पावसाळा चांगला होऊन गेला आणि ज्वारी कापणीला आली. मागितलं होतं दुष्काळात, पोचलं सुकाळात. मी अप्पासाहेबांना विचारलंही, की आता कशाला? ते म्हणाले, "अहो, आलेलं दान परत पाठवलं तर पुन्हा कोण देईल?" त्यांच्याकडे माझ्यासाठी तीन कामं तयारच होती.

खुलताबादेच्या पुढच्या एका गावात यादीप्रमाणे लापशीची, म्हणजे भरडलेल्या गव्हाची, पोती वाटायची. बायकांना लापशी शिजवायला शिकवायची. आणि फोटो काढायचे. त्यासाठी मंडळाचा डबा-कॅमेरा आणि बारा फोटोंचा एक रोल मला देण्यात आला. पोत्यांवरची अक्षरं स्पष्ट आली पाहिजेत, एवढी ताकीद अप्पासाहेबांनी तीन वेळा दिली. मी कॅमेऱ्याला कधी हात लावलेला नव्हता, पण शिक्षकाला काहीही येतं असा आपल्याकडे समज आहे, आणि तो खोटा पाडायची हिंमत शिक्षकालाही होत नाही.

मोंढा

धान्याच्या बाजाराला तिकडे मोंढा म्हणतात. आमची पोती मोंढ्यातल्या करीमभाई नावाच्या अडत्याच्या गोदामात उतरायची होती. मंडळाने ते भाड्याने घेतलं होतं. करीमभाई साठीचे, पांढरी टोपी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. मला बघून त्यांनी आधी खुर्ची पुसली, मग चहा मागवला, मग पानाच्या द्रोणात गरम इमरती मागवली. पुण्यात पाहुण्याला आधी काम विचारतात. इथे इमरती संपेपर्यंत करीमभाईंनी माझं काम काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. मला मात्र घाई होती, म्हणून बोट भाजलं आणि पाक पदरावर सांडला.

बाहेर हर्रास चालू होती. हर्रास म्हणजे लिलाव. नव्या ज्वारीच्या ढिगाभोवती खरेदीदार उभे, एकजण भाव पुकारतोय. पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी. दोन-तीन वर्षांनी असं पीक आलं होतं आणि ढिगाच्या मालकाच्या तोंडावर ते दिसत होतं. तेवढ्यात आमचा ट्रक वळून आत आला. एकावर एक रचलेली पोती, प्रत्येकावर निळी इंग्रजी अक्षरं. पुकारणाऱ्याने एकदा ट्रककडे पाहिलं, खरेदीदारांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांतले दोघे बोली सोडून चहाला निघून गेले. ढिगाचा मालक तसाच उभा राहिला.

मी करीमभाईंना म्हटलं, की आमचं धान्य विकायचं नाही, फुकट वाटायचं आहे, त्याचा यांच्या बाजाराशी काय संबंध? करीमभाईंनी चष्मा काढून पुसला.

"हौ बाई, फुकट हाय म्हणून तर. दुष्काळात आणला आसता तर मी ह्या ट्रकच्या चाकाला हार घातला आसता. तवा लोकं मोंढ्यात पडलेले दाणे येचत होती. औंदा खळी भरली. आता ज्याच्या घरी फुकटचं पोतं जाईल तो आपली ज्वारी इथं आणून घालील. आणि घेणाऱ्याला म्हाईत हाय, की उद्या अजून येणार. तो कशाला घाई करील?"

मला राग आला. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला असं ऐकवतात का? अडत्याला गरिबाचं भलं बघवत नाही, असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते वाक्य मी खोडलेलं नाही, कारण मी किती शहाणी होते याची आठवण राहिलेली बरी.

दरवाज्यात अडकलेला ट्रक

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला आला तेव्हा उन्हं नुकती चढत होती. घाटाच्या पायथ्याशी बायका पेरूच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. ड्रायव्हरने पेरू घेतले, मला दिले, आणि घाटात वळणावळणाला एका हाताने पेरू खात ट्रक चालवला. खुलताबादला गावाभोवती जुनी तटबंदी आहे आणि आत शिरायला दरवाजे. माणसं, घोडे आणि उंट बेताने आत यावेत अशा हिशेबाने बांधलेल्या दरवाज्यात ड्रायव्हरने ट्रक घातला. पोत्यांचा वरचा थर कमानीला घासला, दोन पोती फाटली आणि लापशी पाऊस पडावा तशी खाली पडू लागली. पाच मिनिटांत गावातल्या सगळ्या शेळ्या जमल्या. मदतीचा पहिला लाभ त्यांनी घेतला. मी तेवढ्यात एक फोटो काढला. त्यात अक्षरं नाहीत, फक्त शेळी आहे.

ट्रक मागे घेऊन, तटाबाहेरून वळसा घालून गावी पोचेपर्यंत दुपार झाली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांची काही चूक झाली असेल तर ती माझ्या सांगण्यावरून झाली, आणि माझ्यामुळे त्यांच्या नावाला बट्टा नको.

सरपंच सर्जेराव पाटील हुशार माणूस. त्यांनी चावडीपुढे सतरंजी घातली होती, लाउडस्पीकर आणला होता आणि मला हार घातला. मी यादी वाचायला घेतली. यादी दुष्काळातली, दीड वर्षापूर्वीची. तिसऱ्या-चौथ्या नावालाच अडखळले. गंगूबाई, असं मी दोनदा पुकारलं. कुणी उठेना. मग बायकांच्या घोळक्यातून चाळिशी उलटलेली, उंच, काटक बाई पुढे आली.

"ती माझी सासू. ती नाय आता. गेल्या उन्हाळ्यात खडी फोडता फोडता गेली."

दुष्काळी कामावर, म्हणजे. मी ते लिहायला यादीत जागा शोधली. यादीत घेतलं आणि नाही घेतलं असे दोनच रकाने होते. मेलेल्या माणसासाठी रकाना नव्हता. सर्जेराव म्हणाले, सुनेचा अंगठा घ्या आणि पुढचं नाव वाचा. सुनेने अंगठा दिला नाही. सही केली, द्वारकाबाई अशी, सावकाश आणि ठसठशीत. पोतं मात्र तिथेच ठेवून ती निघून गेली. मग गड्याने ते तिच्या घरी पोचवलं.

पेव

माझी राहायची सोय द्वारकाबाईंकडेच केली होती, कारण त्यांच्या घरी पुरुष माणूस नव्हतं आणि घर स्वच्छ होतं. मला आधी अवघड वाटलं. द्वारकाबाईंना काहीच वाटलं नाही. त्यांनी ज्वारीची गरम भाकर, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी आणि मिरचीचा ठेचा वाढला, आणि मी दुसरी भाकर नको म्हटल्यावर माझी प्रकृती बरी नाही काय, असं विचारलं. आमच्याकडे नको म्हणजे नको. तिथे तिसऱ्या नकोनंतर ऐकतात, तेही नाइलाजाने.

संध्याकाळी त्या मला पेव दाखवायला घेऊन गेल्या. गावाच्या वरच्या अंगाला, उंच कोरड्या जागी, जमिनीत एक भोक. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत पोटासारखी फुगलेली खोली, दोन पुरुष खोल. दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी डोकं बाहेर यायचं नाही. मी वाकून पाहिलं तर आतून धुराचा आणि भाजक्या मातीचा वास आला. पेव भरायच्या आधी आत जाळ करून भिंती कोरड्या ठणठणीत करतात, मग कडब्याचं अस्तर लावतात. दोन्ही झालं होतं. सोमवारी भरायचं ठरलं होतं. प्रत्येक घराने आपल्या रानाच्या मानाने ज्वारी घालायची, तोंड दगडाने बंद करून वर माती लिंपायची. पाऊस हुकला की उघडायचं. पोलीस ॲक्शनच्या साली गाव रानात पांगलं होतं, परत आलं तेव्हा घरांत गाडगंही उरलं नव्हतं, पण जमिनीखालची ज्वारी जशीच्या तशी होती, असं द्वारकाबाई म्हणाल्या. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या.

मग त्यांनी मागच्या दुष्काळाचं सांगितलं. त्याच्या आधी पेव भरलं तेव्हा लोकांनी हात आखडता घेतला होता. दोन गाड्या ज्वारी कमी पडली. पेव गळ्यापर्यंत भरलं नाही, वर हवा राहिली आणि हवेने वरचा थर किडला. उघडलं तेव्हा फेकून द्यावा लागला. उरलेलं धान्य पहिलं वर्ष पुरलं, दुसऱ्या वर्षी अर्ध्यातच संपलं.

"त्या दोन गाड्या आसत्या तर म्हातारी खडीवर गेली नसती. सत्तर वर्साची बाई. औंदा मी घरोघरी फिरून सांगितलं, पेव गळ्यापत्तुर भरायचं. समद्यांनी हो म्हटलं."

सगळ्यांनी हो म्हटलं होतं. आमचा ट्रक त्यानंतर आला.

लापशी शिकवताना

दुसऱ्या दिवशी चावडीत माझा वर्ग. मी स्टोव्ह, पातेलं, फळा सगळं मांडलं. शाळेत शिकवत असे तसंच शिकवलं. हा गहू उकडलेला आहे, मग वाळवलेला, मग भरडलेला, म्हणून तो लवकर शिजतो. चाळीस बायका मुकाट्याने बसून होत्या. मी उपमा केला. त्यांनी चाखला आणि छान झालं म्हणाल्या. मग एकीने सांगितलं, की आम्ही काल रात्रीच गूळ घालून करून खाल्ला, पोरांनी पातेलं चाटून पुसून टाकलं. तुमचा बी बरा हाय. दीडशे मैलांवरून आलेल्या तज्ज्ञ बाईला त्यांनी दुखवलं नाही, एवढंच. यांना पीठ, कण्या आणि भरड यांतलं माझ्याहून जास्त कळत होतं. कळत नव्हतं ते मला, आणि ते कळायला आणखी तीन दिवस लागले.

वर्ग संपता संपता सर्जेराव आले. त्यांच्या मागे गावातले दहा-बारा कर्ते पुरुष. त्यांनी रात्री बसून एक युक्ती काढली होती. मोंढ्यात भाव घसरायला लागल्याची बातमी आली आहे, अजून ट्रक येणार म्हणतात, म्हणजे आणखी घसरणार. तर ज्वारी आजच नेऊन विकावी. दुष्काळात अडून राहिलेली लग्नं आहेत, फाटकी लुगडी आहेत, सगळ्यांची नड आहे. आणि पेवात ही फुकटची लापशी भरावी. घरची ज्वारी मोंढ्यात, परक्याचं धान्य पेवात, दोन्ही हात तुपात. फक्त एकच गोष्ट बाईंना विचारायची होती. ही लापशी पेवात टिकेल ना?

इथे मी थांबायला हवं होतं. मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. पण चाळीस बायका बघत होत्या, फळ्यावर माझं अक्षर होतं, गळ्यात कालच्या हाराचा दोरा होता. मी पोत्यावरची अक्षरं वाचली. त्यावर लिहिलं होतं, कोरड्या जागी ठेवावे. पेव तर कोरडं होतं. मी म्हटलं, "कोरडं धान्य आहे. न टिकायला काय झालं?"

द्वारकाबाई मागे दाराशी उभ्या होत्या. पातेल्याशेजारी सांडलेली मूठभर लापशी त्यांनी उचलली, दोन दाणे दातांखाली धरले आणि बाकीची पदरात बांधून नेली.

दोन पुरचुंड्या

दुपारपासून गाड्या सुटल्या. बैलांच्या गळ्यात घुंगरं, गाडीवर पोती, वर पोरं. जत्रेला निघाल्यासारखे लोक निघाले. मी त्यांचेही दोन फोटो काढले. घरी आले तर द्वारकाबाईंच्या देवळीत ओल्या फडक्याच्या दोन पुरचुंड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एकीत त्यांची ज्वारी, दुसरीत आमची लापशी. त्या सकाळ-संध्याकाळ दोन्हींवर पाणी शिंपडत. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, की बघू. त्यांच्या खळ्यावरची पोती मात्र तशीच होती. सर्जेरावांनी दोनदा माणूस पाठवला, तरी त्यांनी गाडी जुंपली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाड्या परत आल्या, तेव्हा जाताना चढलेला रंग उतरला होता. एकट्या आमच्या गावच्या गाड्या नव्हत्या. आसपासच्या ज्या ज्या गावी पोती जाणार असं कळलं होतं, तिथल्या सगळ्या गाड्या मोंढ्याबाहेर रांगेत उभ्या होत्या. मिळेल त्या भावाला देऊन लोक परतले. लुगडी घ्यायला निघालेल्यांनी परकर आणले. तरी उरलेले लोक निघतच होते, कारण उद्या याहून कमी मिळेल हे सगळ्यांना दिसत होतं. मी कपाळाला हात लावला. करीमभाईंचं बोलणं शब्दन् शब्द खरं होत होतं, आणि ते मी अडत्याचा मत्सर म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं.

मी खुलताबादच्या पोस्टात जाऊन अप्पासाहेबांना तार केली. पुढचे ट्रक थांबवा, इथे पीक भरपूर आहे, द्यायचंच तर इथलीच ज्वारी विकत घेऊन गावाच्या पेवात घाला. तारेत एवढे शब्द घालू नयेत असं पोस्टमास्तर सांगत होते, मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. धान्य दानाचे आहे, बदलता येत नाही, वाटप पुरे करा, फोटो विसरू नयेत. पोस्टाच्या पायरीवर बसून मी ते चार वेळा वाचलं आणि माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. पोस्टमास्तरांनी कुणी गेलं काय असं विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाईंनी पुरचुंड्या सोडल्या. ज्वारीला पांढरे, टोकदार मोड आले होते. लापशी बुळबुळीत झाली होती आणि आंबूस वास येत होता.

"बाई, हे मेलेलं धान्य हाय. ज्वारी पेवात निजती. जित्या दाण्याची ऊब आसती, त्या उबंनं कोंडलेली हवा मरती आन् किडा बी मरतो. मेलेलं निजत नाय, नासतं."

उकडलेला, वाळवलेला, भरडलेला. फळ्यावर मीच लिहिलं होतं. उकडलेला दाणा रुजत नाही हे पाचवीतल्या मुलीलाही सांगता येतं. मी ते चाळीस बायकांना शिकवलं आणि पाच मिनिटांनी उलटं उत्तर दिलं. सत्तावीस वर्षांत मी मुलींच्या वह्यांवर किती तांबड्या फुल्या मारल्या असतील! त्या सगळ्या त्या सकाळी मला परत मिळाल्या. माझी एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

चावडी

त्या दिवशी दुपारी मी सर्जेरावांना चावडीत माणसं बोलवायला लावली. लापशी पेवात उतरवायचं काम संध्याकाळी सुरू व्हायचं होतं. मी दोन्ही फडकी सगळ्यांपुढे धरली आणि माझं चुकलं असं सांगितलं. मला माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं, असंही म्हटलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एक म्हातारा म्हणाला, की बाई शिकलेल्या आहेत, त्यांचं तरी काय चुकणार, आमचंच नशीब. हे ऐकून मला त्याच्यावरही ओरडावंसं वाटलं.

सर्जेराव बोटांवर हिशेब करू लागले. लापशी फार तर घरोघर खाऊन संपवता येईल, पुढचा पावसाळा तिने गाठणं कठीण. काही पोत्यांत सोंडे आधीच झाले होते. आणि ज्वारी तर मोंढ्यातून वॅगनीत चढून गेलीसुद्धा. राहिली होती द्वारकाबाईंची, आणि आणखी सहा-सात घरांची. कुणाचा बैल लंगडत होता म्हणून गेली नव्हती, कुणाचं खळं उशिरा झालं म्हणून. त्यांनी ती पेवात घालायचं कबूल केलं. मोजून पाहिलं तर पेव निम्मं भरत होतं. निम्मं भरलेलं पेव म्हणजे वर पुरुषभर हवा. म्हणजे मागच्यासारखंच, त्याहून वाईट.

वर कडबा कोंबावा असं मी सुचवलं. कडब्यात हवाच जास्त, असं तिघांनी एकदम सांगितलं. मी गप्प बसले. उशिरा का होईना, ते मला जमलं. मग द्वारकाबाई म्हणाल्या, ज्वारी वर नेता येत नसेल तर तळ वर आणा.

दोन दिवस गावाने मुरूम खणला, उन्हात पसरून वाळवला, पुन्हा पुन्हा उलटला. पेवात नुसता मुरूम ओतला तर कडब्यातून ज्वारीत मिसळेल, म्हणून तो भरायला पोती लागली. पोत्यांना तोटा नव्हता. आमची लापशी लोकांनी रांजणांत, डेऱ्यांत ओतली आणि निळ्या अक्षरांच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरला. तोंडं शिवली. दोर लावून एकेक पोतं पेवाच्या तोंडातून खाली सोडलं. आत उतरलेली माणसं ते रचून, तुडवून सपाट करत होती. ज्या पूर्वजांनी ते पेव खणलं, त्यांनी किती उन्हाळे घालवले असतील कोण जाणे. त्यांची पतवंडं ते परत बुजवत होती, आणि माझ्या मंडळाच्या पोत्यांनी. सगळे मन लावून काम करत होते. शेवटच्या पोत्याला दोर लावला तेव्हा रोलात एकच फोटो शिल्लक होता. आपल्या दानाचं काय झालं हे अप्पासाहेबांना एकदा डोळ्यांनी दिसू दे, या संतापात मी तो काढला. ऊन बरोबर पाठीमागे होतं. माझा हात हलला नाही.

मग कडब्याचं नवं अस्तर लावलं आणि ज्वारी ओतली. ती बरोबर गळ्यापर्यंत आली. द्वारकाबाईंनी पालथं पडून, हात आत घालून, कुठे पोकळी राहिली नाही ना हे चाचपून पाहिलं. मग दगड बसला, माती लिंपली. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेरभर ज्वारी घातली. मी नको म्हटलं. चौथ्यांदा म्हटल्यावरही त्यांनी ऐकलं नाही.

परत येताना मोंढ्यात करीमभाईंना भेटले. तुमचं खरं होतं, असं त्यांना म्हटलं. त्यांनी खुर्ची पुसली आणि इमरती मागवली. नंतर आमची पोती संपतील, भाव परत वर जाईल, आणि ज्यांनी आता विकली त्यांनाच उन्हाळ्यात तीच ज्वारी महाग घ्यावी लागेल, असं ते म्हणाले. त्यात त्यांना धंदा दिसत असेल म्हणावं तर त्यांचं तोंड तसं नव्हतं.

पुणे

रोल धुऊन आला. बारातले सात फोटो काळे, एकात शेळी. शेवटचा मात्र असा आला की फोटोवाल्यानेसुद्धा तारीफ केली. कमरेला पंचा लावलेली चार माणसं, ताणलेला दोर, आणि पेवाच्या तोंडावर तरंगणारं पोतं. त्यावरचं प्रत्येक अक्षर वाचता येत होतं.

मी बैठकीत सगळं सांगितलं. बाजाराचं, पेवाचं, माझ्या चुकीचं, मुरमाचं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाईंना प्रवासाचा शीण झाला आहे, असं एकाने म्हटलं. अप्पासाहेब फोटोकडेच बघत होते. पंधरा दिवसांनी छापील अहवाल आला. मुखपृष्ठावर तोच फोटो आणि खाली ओळ: आपल्या धान्याने गावाचे कोठार भरताना.

मी अहवाल घेऊन त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "अप्पासाहेब, त्या पोत्यात मुरूम आहे."

ते म्हणाले, "ते फोटोत कुठे दिसतंय? फोटो बघून पत्र आलंय तिकडचं. इतके खूश झालेत, की पुढच्या वर्षी दुप्पट पाठवतायत."

द्वारकाबाईंची ज्वारी मी दळली नाही. मूठभर ओल्या फडक्यात बांधून पाहिली, तिसऱ्या दिवशी मोड आले. बाकीची डब्यात आहे. निघायच्या आदल्या दिवशी पेवावरची माती हाताने सारखी करत बसलेल्या द्वारकाबाईंना मी विचारलं होतं, की पाऊस पुन्हा हुकला तर गाव यावर किती दिवस काढेल. त्यांनी मान वर केली नाही.

"आर्धे," त्या म्हणाल्या. "तळच वर आलाय ना, बाई."